मावशीचं धुपाटणं

जगात जे जे काही मळू शकतं ते लख्ख करण्यासाठीच आपला जन्म झाला आहे, याविषयी माझ्या अकोल्याच्या मावशीला कधी शंका म्हणून आली नाही. एस.टी.त बसली की ती आधी पदराने खिडकीची काच पुसते, आणि मळ बाहेरच्या बाजूला आहे असं कळलं की अमरावती येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो. भाजीवाल्याची वजनं तिने घासून दिलेली आहेत. अचलपूरला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी ती दिसेना, म्हणून मी शोधायला गेलो, तर बाईसाहेब मांडवामागे, जरीचा पदर कमरेला खोचून, आचाऱ्याच्या पातेल्याशी झटत होत्या. "मावशी, अक्षता पडून राहिल्या तिकडे!" मी म्हटलं. "पडू दे," मान वर न करता ती म्हणाली, "हे लोक भांडे घासून कुठं राहिले, नुसते ओले करून राहिले." नवरीला आशीर्वाद मिळाला, पण राखेच्या हातांचा.

तर अशा या मावशीच्या घरात धुपाटणं आलं. मावसाजी, म्हणजे तिचे यजमान, निवृत्त वकील. उभी वकिली त्यांनी सिगारेटच्या धुरात केली. ती सुटावी म्हणून त्यांच्या परदेशातल्या मुलाने एकदा येताना बॅगेतून व्हेप आणला. बॅटरीची दांडी, तिच्यावर अंगठ्याएवढी काचेची टाकी, टाकीत आंब्याच्या वासाचा गोड रस आणि मधोमध कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं नि त्यात कापूस. ही वस्तू आपल्याकडे विकायला बंदी. तेव्हा आणलेल्या चार-दोन कॉइलींवरच भागवायचं, म्हणून मुलाने ती उघडायची कशी, धुवायची कशी, हे बापाला बैजवार समजावून सांगितलं. मावसाजींनी ते विरुद्ध पक्षाच्या वकिलाचं ऐकावं तसं ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही. ऐकलं ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मावशीने. तिला धुराचा मनस्वी तिटकारा. 'तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं,' असं म्हणून तिने त्या यंत्राचं बारसं केलं. पण शत्रूचं झालं तरी भांडं ते भांडं, आणि घरात आलेलं भांडं मळकं राहिलेलं तिच्या पत्रिकेत नाही.

दुपारची जेवणं झाली, कूलरची घरघर सुरू झाली, की मागच्या अंगणात निंबाच्या सावलीत मावशी पाट मांडून बसायची. टाकी उघडायची. रबराच्या बारक्या कड्यांना ती बांगड्या म्हणे, कॉइलला वात. कोमट पाण्यात एकेक भाग बुडवायचा, जुन्या टूथब्रशने कडा घासायच्या, वातीवर करपलेल्या साखरेचा काळा थर पाणी बदलून बदलून सोडवायचा, आणि सगळं मलमलीच्या फडक्यावर वाळत घालायचं, देवाच्या उपकरण्यांपासून वीतभर लांब. कोरडी वात लगेच पेटवायची नाही, रसाचे थेंब पाजून मुरू द्यायची, नाहीतर कापूस जळतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती; जन्मभर समई लावलेली बाई ती. वाळत ठेवलेल्या काचेतून उन्हाचा एक कवडसा भिंतीवर पडायचा आणि हळूहळू सरकायचा. मावशी हनुवटीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत राहायची. तिकडे ओसरीतल्या बंगईवर मावसाजी झोके घेत, आणि भर हिवाळ्यातसुद्धा त्या घराला आंब्याच्या अढीचा वास येई. मी सुट्टीत गेलो की त्या वासात, त्या कुरकुरत्या झोक्यात माझा डोळा लागायचा. इतकी गाढ झोप मला अमरावतीच्या माझ्या घरात कधी आली नाही.

मग मावसाजींना जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी बजावलं, छाती सांभाळायची असेल तर हेही बंद. मावसाजींनी ते एका कानाने ऐकलं. मुलाचा मावशीला फोन आला, "आई, तू धुणं सोड. वात जळाली की झुरका कडू लागन, बाबा आपोआपच टाकून देतील." सोपी युक्ती. पण मावशीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मळकं भांडं डोळ्यासमोर ठेव म्हणते लेक माहा!" ती मला म्हणाली. तरी तिने मनावर दगड ठेवला. नवऱ्याच्या श्वासापुढे काय मोठं?

त्या दिवसांत मी तिथेच होतो. धुपाटण्याची काच पिवळी, मग तपकिरी होत गेली, आणि मावशीने त्या दुःखात पंखे धुतले, किल्ल्यांचा जुडगा धुतला, आणि माझ्या चपलासुद्धा धुतल्या. ओसरीवर मावसाजी झुरका घेत, तोंड वाकडं करत, ठसकत, आणि पुन्हा घेत. आंब्याचा वास गेला होता, करपलेल्या कापसाचा येत होता. मावशी आत कान देऊन बसे; आज टाकतील, उद्या टाकतील. शेवटी न राहवून मी म्हटलं, "मावसाजी, इतकं कडू लागते तर घेता काहून?" त्यांनी आत नजर टाकली, आवाज खाली आणला. "काई बोलू नोको. तिच्यानं होत नाई आता. हात दुखत असन तिचे. म्या कडू म्हून टाकलं तं तिले समजन, का आपल्यानं धुणं नाई होऊन राहिलं." दोघांच्या मधे बसून असं हसू दाबायची आणि डोळे पुसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावसाजी स्वतः उठले, धुपाटणं मावशीपुढे ठेवलं आणि म्हणाले, "हे ठेवून दे कपाटात. मले नाई लागत आता. तुह्या हाताले आराम दे." मावशी तोंड उघडणार होती. तिचे हात ठणठणीत होते, त्या हातांनी तिने सकाळीच पाण्याची टाकी खरवडली होती. पण तिने त्यांच्याकडे पाहिलं, काहीतरी उमजलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती खोटं बोलली. "हो नं," ती म्हणाली, "लय दुखून राहिले बापा."

परवा अकोल्याला गेलो होतो. मावसाजी आता जिना न थांबता चढतात. दुपारी बंगईवर दोघं शेजारी बसतात. ते वाटीत तिळाचं तेल कोमट करून आणतात आणि तिची बोटं एकेक करून चोळतात. आत नवी भांडेवाली बाई धुणंघासणं करते, आणि ती भांडी नुसती ओली करते हे आवाजावरूनच कळतं. मावसाजी तेल आणायला उठले तेव्हा मी हळूच विचारलं, "मावशी, किती दिवस दुखणार हाये हात?"

"त्याईची छाती चांगली राहीन तवर," ती म्हणाली.

आत एक पातेलं न खंगाळताच पालथं पडलं. मावशीने डोळे मिटून घेतले. मावसाजी वाटी घेऊन आले, तसा तिने आपणहून हात पुढे केला.