पेटीवरचं नाव

“हात पुढं कर.”

मी दोन्ही हात पुढं केले. सर वाकले, भर वर्गात माझ्या तळव्यांचा वास घेतला आणि झटक्यात मागं सरले.

“मासोळ्यांचा वास येऊन राह्यला. या हातानं नवीन पुस्तकं धरतं? अख्ख्या शाळेले वास सुटन.”

वर्ग हसला. मीही हसले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळे हसतात तेव्हा आपणही हसलं की कमी लागतं, असं मला वाटायचं.

मी चौथीत होते. आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावाजवळचं. आम्ही ढिवर. बाप तलावात जाळं टाकायचा, माय टोपली घेऊन मूलच्या बाजारात बसायची. पहाटे झिंगे निवडून, राखेनं हात घासून मी शाळेत जायची. राखेनं वास जात नाही. मला ते माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

त्या आठवड्यात शाळेत लोखंडी पेटी भरून गोष्टींची पुस्तकं आली होती. वर्गातच वाचनालय करायचं होतं. पुस्तकं निवडायची, फळीवर लावायची, प्रत्येकावर चिठ्ठी डकवायची. वर्गात माझ्याइतकं वळणदार अक्षर कुणाचं नव्हतं. मग सरांनी तोडगा काढला. मी बाहेर व्हरांड्यात बसून चिठ्ठ्या लिहायच्या आणि राईस मिलवाल्याच्या सुनंदानं आत त्या डिंकानं चिकटवायच्या.

तीन दिवस लिहीत होते. गोष्टी. गाणी. प्राणी. विज्ञान. दारातून सुनंदा दिसायची. ती पानं उलटायची, चित्रं बघायची. गाण्याच्या पुस्तकावर तिनं ‘प्राणी’ चिकटवलं, तेही उलटं. मी उंबऱ्यापाशी जाऊन सांगितलं तर सर म्हणाले, “तू तुयं काम कर.”

एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर होडी होती. आत काय असेल, याचाच विचार करत मी लिहायची.

तिसऱ्या दिवशी सरांनी बिस्किटांची रिकामी पेटी आणली. फाटकी, पानं गळालेली पुस्तकं तिच्यात टाकली. “तुमच्याकडच्या पोरांनी यातूनच घ्यायचं. फळीले हात लावायचा नाई. हिच्यावर मोठ्या अक्षरात लिही. ढिवर मोहल्ला.”

मी लिहिलं. जीव लावून लिहिलं. भोवती लाल रेघेची चौकट काढली, कोपऱ्यात फूल काढलं.

“वा! मोत्यासारखं अक्षर हाय तुयं,” सर म्हणाले.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? घरी जाताना मी उड्या मारत गेले.

दुसऱ्या दिवशी माझी लहान बहीण शेवंता त्या पेटीसमोर उभी होती. दुसरीत होती, नुकतीच वाचायला लागलेली. जे दिसेल ते वाचायची. बोट ठेवून तिनं मोठ्यानं वाचलं, “ढि… व… र… मो… ह… ल्ला.” मग माझ्याकडे वळली. “बाई, हे आपलंच ना वं? आपल्याले वेगळी पेटी काऊन? कोनं लिवलं?”

तिला काय सांगणार होते? सरांनी तोंडानं सांगितलं होतं. लिहिलं मी होतं. फूल काढून.

मी तो कागद ओरबाडून काढला. तुकडे केले.

सरांनी नवा कागद पुढं टाकला. “लिही परत.”

“नाई लिवत.”

“काऊन?”

“तुमच्या हातानं लिवा, सर.”

पट्टी तुटेपर्यंत सरांनी मारलं. मी कागदाला हात लावला नाही. शेवटी सुनंदाकडून त्यांनी वाकड्या अक्षरात तेच लिहून घेतलं.

तरी ते मीच लिहावं, म्हणून मायला शाळेत बोलावलं. ती बाजारातूनच आली. व्हरांड्याच्या खाली, उन्हात उभी राहिली. तिला कुणी वर ये म्हटलं नाही. सर बोलत होते आणि ती आपले हात पदराखाली लपवत होती.

“लिहून दे ना बाई,” ती मला हळूच म्हणाली. “सरासंग वैर कायले? शिकू तं देतेत.”

“नाई.”

वाटेत माय माझ्या पुढं पुढं चालत राहिली. तिला माझा राग आला होता की भीती वाटत होती, ते मला कधीच कळलं नाही.

संध्याकाळी मी मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांना गोळा केलं. सांगितलं, त्या पेटीतलं पुस्तक कोणीच घ्यायचं नाही. दोघं-तिघं कुरकुरली, पण ऐकलं. शेवंता रडली. तिला चित्रं बघायची होती. दुसऱ्या दिवशी शाळेत मी तिचा दंड धरून तिला पेटीपासून ओढून नेलं. तिच्या दंडावर माझी बोटं उमटली. फळीवरचं पुस्तक आम्हाला मिळालं नाही, पेटीतलं आम्ही घेतलं नाही. वर्ष तसंच गेलं.

पुढं शेवंताची शाळा सुटली. पुस्तकं मिळाली असती तर ती टिकली असती का? माहीत नाही. तो सल माझाच आहे, मी तो कुणावर ढकलत नाही.

पण परत तीच वेळ आली तरी मी तेच करीन. वेगळ्या पंगतीला बसून मी जेवणार नाही. उपाशी राहीन. आणि उपाशी कुणी ठेवलं, ते चारचौघांत, त्याच्या तोंडावर सांगेन.