व्हर्न कोल्बेचा साठावा ग्लास

व्हर्न कोल्बेने चाळीस वर्षं गावातल्या तळघरांमधल्या, घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या आणि एकाही घरातून तो मत न देता बाहेर पडला नाही. भट्टीवर मत, पडद्यांवर मत, घरच्या पोराने निवडलेल्या बायकोवरही मत. निवृत्त झाल्यावर तळघरं संपली, मतं उरली. ती खपवायला विस्कॉन्सिनच्या त्या तळ्याकाठच्या गावात जॅनेलच्या बारसारखी दुसरी जागा नव्हती.

जॅनेल दर हिवाळ्यात पैज लावायची. साठ प्रकारच्या बिअर लहान ग्लासातून चाखायच्या, दिवसाला तीनच. प्रत्येकीबद्दल कार्डावर आपल्या हाताने एक ओळ लिहायची, ती जॅनेल सगळ्या बारला वाचून दाखवणार आणि मग शिक्का मारणार. मुदत तारखेची नव्हती. जानेवारीत अग्निशमन दलाचे लोक इंजिन काढलेली एक जुनी मोटार गोठलेल्या तळ्यावर ओढून नेत. बर्फ फुटून ती बुडाली की पैज खलास. जिंकणाऱ्याच्या नावाचा बिअरचा मग भिंतीवरच्या खुंटीला लागे. खाली पितळी पट्टी, तिच्यावर नाव आणि आवडती बिअर. दर शुक्रवारी तळलेल्या माशाबरोबर तो मग फुकट भरून मिळे, पण पट्टीवरच्याच बिअरने. कोरलेलं बदलून मिळत नसे.

व्हर्नला ती पट्टी हवीच होती. शाळेपासूनचा मित्र, प्लंबर गॉर्डी, याची पट्टी सहा वर्षांपूर्वी लागली होती. कारण म्हणून एवढं पुरे. गॉर्डीच्या पट्टीवर 'ब्लॅकस्मिथ' होतं: काळंकुट्ट, जळक्या टायरसारखं कडू पेय. म्हणून व्हर्ननेही कार्डावर ब्लॅकस्मिथपुढे लिहिलं, "पुरुषाची बिअर ही." घरी जाऊन त्याने पित्ताच्या चार गोळ्या चघळल्या, हे फक्त त्याच्या बायकोला, मार्लिसला ठाऊक. फळांच्या बिअरना तो सरबत म्हणे. त्यातली चेरीची त्याने अगदी शेवटी ठेवली होती.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी वारा दक्षिणेकडून वाहायला लागला. व्हर्नचे एकोणसाठ शिक्के झाले होते. गॉर्डी खिडकीला नाक लावून ओरडत होता.

"मागची चाकं गेली! व्हर्न, लेका, आटप! पुढच्या वर्षी पुन्हा एकपासून पिशील!"

"पितोय ना! सरबत काय घटाघटा प्यायचं असतं का?" म्हणत व्हर्नने चेरीचा ग्लास नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि एक घोट घेतला.

वाकडं तोंड हळूच सरळ झालं.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी व्हर्न कोल्बेला आयुष्यात पहिल्यांदा बिअर आवडली. दुसरा घोट त्याने लपवून घेतला, तिसरा लपवायचं विसरून गेला. ग्लास उलटा करून त्याने शेवटचा थेंबही जिभेवर घेतला.

"ग्लासाने तळ गाठला," शेजारी बसलेली मार्लिस म्हणाली. "मोटारीआधी."

"लिही रे बाबा!" जॅनेलने पेन पुढे ढकललं. "टप तेवढा दिसतोय आता."

व्हर्नने लिहिलं. जॅनेलने वाचलं, "'चालेल.'" बार खदखदून हसला. तिने शिक्का आपटला आणि पाठोपाठ तळ्यावर मोटार गडप झाली. गॉर्डीने व्हर्नच्या पाठीत असा धपका घातला की त्याला ठसका लागला.

"आता पट्टी," जॅनेल म्हणाली. "बिअर कुठली कोरायची?"

व्हर्नने चेरीच्या नळाकडे पाहिलं. लाल मुठीचा नळ, हातभर अंतरावर. जन्मभराचे शुक्रवार त्या नळात होते.

"खरं सांगून टाक एकदाचं," मार्लिस हळूच म्हणाली. "कोणी खाणार नाही तुला."

तो तोंड उघडणार तोच गॉर्डी कोकलला, "सरबत कोर, जॅनेल, सरबत! मिशी बघा याची, गुलाबी झालीय! नवरी शोभतेय!"

सगळे पुन्हा हसले. व्हर्नने बाहीने मिशी खसाखसा पुसली.

"ब्लॅकस्मिथ," तो म्हणाला. "विचारायचं काय त्यात?"

मार्लिसने कपाळावर हात मारून घेतला.

याला तीन वर्षं झाली. दर शुक्रवारी दोन काळे मग समोरासमोर येतात. दोघे म्हातारे इवलेइवले घोट घेतात, मधेमधे माशावर लिंबू पिळून तेच चोखतात आणि बिअर कशी असावी यावर बोलत राहतात. मासा संपतो, दोन्ही मग मात्र अर्धेच राहतात. गॉर्डीचा मग त्याआधीची सहा वर्षंही अर्धाच धुवायला जायचा, हे जॅनेलला माहीत आहे. त्याच्या नशिबी आता सोबत आली, एवढंच.

मार्लिस पैसे देऊन चेरीची घेते. पहिले काही महिने ती हात धुवायला गेली की तिच्या ग्लासातली बिअर दोन बोटं उतरायची, आणि व्हर्न छताकडे बघत बसलेला असायचा. हल्ली हात धुवायला जाताना ती ग्लास बरोबर घेऊन जाते.