आमच्या मापाची सिस्टिम

तयार मिळालेली कुठलीही वस्तू दुसऱ्याच कुणासाठी केलेली असते, यावर आमच्या मानवतच्या शाळेतल्या गणिताच्या सरांइतकी अढळ श्रद्धा मी दुसऱ्या माणसात पाहिली नाही. नवा सदरा आणला की ते आधी त्याची शिवण उसवायचे आणि शिंप्यासमोर बसून तो पुन्हा शिवून घ्यायचे. पुस्तकातल्या गणितात मुंबईहून सुटलेली आगगाडी त्यांना चालत नसे. तिच्या जागी ते सोनपेठची एसटी घालत, आणि ती वाटेत तासभर बंद पडते, हेही पोरांना धरावं लागे. "गाडी आपली हाय, तर उत्तरबी आपलंच पायजे," म्हणायचे. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो आणि भिंतीपलीकडून हे ऐकून हसायचो.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी एका कचेरीने आपला जुना कॉम्प्युटर शाळेला महिनाभर वापरायला दिला. सरांनी दहावीच्या पोरांना शब्द दिला, की प्रत्येकाचं नाव पडद्यावर मराठीत उमटेल. मराठी अक्षरं दाखवणारी ऑपरेटिंग सिस्टिम त्यांच्या भाच्याने पुण्याहून फ्लॉपींवर पाठवली, पण ती नव्या प्रोसेसरसाठी बांधलेली. आमच्या जुन्या प्रोसेसरवर ती सुरूच होईना. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता, सरांचा चेहरा मात्र खुलला. सिस्टिमचा मूळ कोड सोबत आला होता. तो आमच्या प्रोसेसरच्या मापाने पुन्हा कंपाईल केला, म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात नव्याने बांधून घेतला, की झालं. अडचण एवढीच, की त्याला अकरा तास लागत. रात्री लाइटीचा भरवसा नसे, आणि दिवसा शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, की व्होल्टेज पडून कॉम्प्युटर बंद. मग पुन्हा पहिल्यापासून. महिना असाच गेला. शेवटी, यंत्र परत जायच्या आदल्या दिवशी, रविवारी, सरांच्या शब्दाखातर गिरणीवाल्याने दिवसभर गिरणी बंद ठेवली.

दुपारी चारला कंपाईल सुरू होऊन नऊ तास झाले होते. गिरणीवाल्याचे आभार मानावेत म्हणून सर तिकडे गेले, मीही सोबत होतो. पायरीवर एक म्हातारी ज्वारीचा डबा घेऊन बसली होती.

"कवाधरनं बसलात, मावशी?" सरांनी विचारलं.

"सकाळधरनं. मास्तरचं मशीनवर कायतरी शिजायलंय म्हणं. होऊ द्या, लेकरायचं काम हाय. घरी पीठ न्हाई, पर बसते मी."

सर तिचा डबा उचलून आत गेले. मग गिरणीवाल्याला म्हणाले, "सुरू करा."

"सर, दोनच तास राहिलेत," मी म्हणालो.

"ठावं हाय मला."

पट्टा फिरायला लागला. आम्ही शाळेत परतलो, तेव्हा पडदा काळा होता. मला सरांचा राग आला होता, आणि तो का आला याची लाजही वाटत होती.

सोमवारी यंत्र गेलं. सर दहावीच्या वर्गात गेले, मी दारातच थांबलो. त्यांनी काही कारण सांगितलं नाही. गिरणीचं नाही, म्हातारीचं तर नाहीच. "तुमाला शब्द दिला होता. तो मोडला. माफ करा मला," असं म्हणून त्यांनी पोरांसमोर हात जोडले.

सर आता नाहीत. त्यानंतर मी वीसेक वर्षं शिकवलं. पोरांना कितीतरी शब्द दिले आणि त्यांतले बरेच मोडले. एकाही वर्गापुढे मला हात जोडता आले नाहीत.