टाकीतलं पाणी

आमच्या घोलवडला चिकूच्या नर्सरीत कामाला असलेला हा माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो. डोक्यावरून विमान गेलं की पाण्याचा पाइप हातात तसाच आणि मान वर, आवाज पार विरेपर्यंत. रोपाची पिशवी भरून वाहिली तरी याला पत्ता नाही. आधी मला त्याचाच राग यायचा.

पूर्वी तो मुंबईला विमानतळावर मेकॅनिक होता. महिनोन्‌महिने उभी राहिलेली विमानं सांभाळायचा. अजून माझी स्कूटर चार दिवस जागेवर दिसली, की टायर एकाच जागी दबू नये म्हणून न विचारता चाक थोडं फिरवून ठेवतो.

"उभ्या विमानाच्या टाकीत पाणी साठतं, भाऊ. मग इंधनात बुरशी धरते. तिनं वर गेल्यावर इंजिन बंद पाडलं, तर आभाळात गॅरेज कुठे शोधणार?"

तिथेच एके सकाळी विमानतळावरच्या साहेबानं त्याच्यापुढे कागद सरकवला. सगळ्या टाक्यांतलं पाणी काढलं, असं त्यात आधीच लिहिलेलं. "उद्या विमान जायचंय, कर रे सही पटकन."

यानं लिहिलं, 'काम झालेलं नाही', आणि त्याखाली सही केली.

आठवड्यात त्याला घरी बसवला. म्हणे, कामात अडथळा आणतो! कागद सरकवणारा मात्र अजून त्याच खुर्चीत.

"आणि ते विमान?" मी चिडून विचारलं.

"दुसऱ्यानं सही केली ना. गेलं तसंच."

इतक्यात वर घरघर सुरू झाली. पाइप हातात तसाच ठेवून त्यानं मान वर केली. या वेळी मीही केली.