बागमांडल्याचा रिव्हर्स

आमच्या रिहे गावात कोकणात जाण्याला ‘खाली जाणं’ म्हणतात. ताम्हिणीचा घाट उतरला की सगळं खालीच. आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, धाकटी बहीण अशीच खाली दिलेली, पार बाणकोटच्या खाडीपलीकडे. यंदा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आत्यांनी तिला भेटायचा धोशा लावला. ऐन निघायच्या सकाळी माझ्या नवऱ्याला कामावर बोलावणं आलं. मी म्हटलं, “आत्या, मी नेते की.” आत्या अंगणातल्या हौदाकडे बघत राहिल्या.

त्याला कारण होतं. लायसन्स नवंनवं असताना गाडी मागे घेताना मी त्या हौदाचा कोपरा उडवला होता. ही गोष्ट आत्यांनी पाहुण्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितली होती. पुढे गाडी न्यायला मी कुणाला ऐकत नाही, पण रिव्हर्स म्हटलं की चावी नवऱ्याच्या हातात देते. तरी बहिणीच्या ओढीनं आत्या बसल्या आणि घाटभर दाराची मूठ घट्ट धरून राहिल्या.

दिवेआगर मागे पडलं आणि मला वेडच लागलं! श्रीवर्धनचा सरळ रस्ता सोडून मी मुद्दाम किनाऱ्याचा धरला होता. डावीकडे डोंगर आणि उजवीकडे, माझ्या खिडकीला खेटून, समुद्र! वळणावर गायब व्हायचा, पुढच्या वळणाला पुन्हा हजर. मध्येच कौलारू घरं, सुकत घातलेल्या मासळीचा वास, पोफळीच्या वाड्या, की परत समुद्र.

“आत्या, बघा! अहो, बघा ना!”

“मी बघतीया. तू रस्त्याकडं बघ,” आत्या म्हणाल्या. मूठ काही सुटली नाही.

बागमांडल्याला रस्ता थेट पाण्यात संपला. समोर फेरीबोट उभी होती, गाड्या पलीकडे नेणारी. मी खुशीत गाडी पुढे घातली, तर बोटीवरच्या माणसानं हात आडवा केला. “ताई, वळवा. रिव्हर्समधे चढवायची.”

बोटीला तोंड एकच. पलीकडे सरळ बाहेर पडायचं तर इथं उलटं आत शिरायचं. मी गाडी वळवून उभी केली. आता मागे ओला उतार, त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी. इथून परत फिरावं तर केवढा वळसा, आणि तिकडे आत्यांची बहीण दाराकडे डोळे लावून बसलेली.

“जमत नसंल तर चावी द्या, मी लावतो,” तो म्हणाला. मी चावीला हात घातलाच होता. तेवढ्यात तो आत्यांकडे वळला. “आजी, तुम्ही खाली उतरा.”

“खालीच आलोय की आमी,” आत्या कडाडल्या. “आनि किती खाली उतरायचं? सून चालवतीया. मी न्हाई उतरत.”

मी आत्यांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

मग मात्र मी रिव्हर्स टाकलाच. मान वळवून, घाम पुसत, इंच इंच मागे. मागची चाकं बोटीच्या फळीवर चढली, खडखडली, आणि गाडी आत! मला अक्षरशः नाचावंसं वाटत होतं.

बोट सुटेपर्यंत आत्यांनी बहिणीला फोन लावलासुद्धा. “अगं, आलो! माझ्या सुनेनं मागं मागं घेत गाडी बोटीत घातली बघ! व्हय, व्हय, तीच. हौदवाली.”