आत बसून चहा

शारजात चहा प्यायची रीत सोपी आहे. कॅफेटेरियासमोर गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा आणि खिडकीतून हात काढून कडक चहाचा कागदी कप घ्यायचा. काकांनी हे जन्मात केलं नाही. आमच्या अल नहदा भागात पार्किंगची मारामार, ते लांब कुठेतरी गाडी लावून घाम पुसत चालत येत, आत खुर्चीवर नीट टेकत आणि सांगत, "ग्लास में देना, भाई." आम्ही बाहेर गाडीच्या एसीत बसलेलो दिसलो तर आम्हालाही उतरवत. "बाहेरचा चहा पुष्कळ झाला," म्हणत. "आत चला."

काका आमचे नात्याचे कोणी नव्हते. बाबांच्या कंपनीत ड्राफ्ट्समन, आमच्याच मजल्यावर एकटे राहणारे. बायको-मुलं तिकडे, मराठवाड्यात.

त्यांची दुसरी खोड आईला खटकायची. इथे पाहुणासुद्धा चहा झाला की आपला कप विसळून ठेवतो. काका तो टेबलावरच ठेवून उठत. दार लावून आई म्हणे, "माणूस एवढा चांगला, पण कप उचलायचं नाव नाही." साथीनंतर ऑफिसात प्रत्येकाने आपापला मग आणायचा नियम निघाला, तेव्हा काकांनी ऑफिसातला चहाच सोडला. बाबांनी त्यांना तऱ्हेवाईक ठरवून टाकलं.

दर जानेवारीत एक दिवस ते ओळखीच्या सगळ्यांना कॅफेटेरियात चहाला बोलवत. कारण सांगत नसत. सुरुवातीला माणसं येत, मग ट्रॅफिक आडवं येऊ लागलं. गेल्या वर्षी मी एकटीच गेले. काका बराच वेळ दाराकडे बघत होते. मग त्यांनी ते थांबवलं आणि मला सांगितलं.

त्यांच्या तालुक्याच्या गावी हॉटेलात दलितांचे कप वेगळे असत. बाहेरच्या फळीवर, कान तुटलेले. बाहेरच उकिडवं बसून प्यायचं, कप आपला आपण विसळायचा, परत फळीवर ठेवायचा. कॉलेजात असताना काका आणि त्यांचे मित्र एका सकाळी आत शिरले आणि बाकावर बसले. मालकाने भट्टी विझवली. ते रोज येऊन बसू लागले. एक दिवस लोक काठ्या घेऊन आले. त्यात माधव नावाच्या मित्राचा डोळा गेला. शेवटी पोलीस आले आणि आतल्या कपांतून चहा आला. तो पिऊन होताच मालकाने ते कप त्यांच्यादेखत दगडावर फोडले.

"आम्ही काही मागायला गेलो नव्हतो गं, पोरी. नुसतं बसायला गेलो होतो," काका म्हणाले. "माधव दर वर्षी त्या तारखेला तिथे जाऊन बसायचा. तो गेला. आता मी इथे बसतो."

"बट व्हाय डोन्ट यू टेल पीपल, काका?"

"सांगितलं की माणसं जपून वागायला लागतात. ते जपणंही वेगळंच असतं. तूही घरी बोलू नकोस. फक्त पुढच्या वर्षी कोणाला तरी घेऊन ये. हे टेबल एकदा भरलेलं बघायचंय मला."

मी म्हटलं, "इन्शाल्ला."

उन्हाळ्यात कंपनीने त्यांना नोकरी खलास म्हणून सांगितलं. निघायच्या दिवशी आईने त्यांना जेवायला बोलावलं आणि शेवटी मोठ्या हौसेने एक खोका पुढे केला. आत सोनेरी अक्षरांत त्यांचं नाव छापलेला मग होता. "खास तुमच्यासाठी," आई म्हणाली. "यातून दुसऱ्या कोणी प्यायचं नाही!"

काकांनी मग हातात फिरवून पाहिला. "सुरेख आहे, वहिनी," म्हणाले. आईने त्यातच चहा दिला, तो त्यांनी सगळा प्यायला. मग तो टेबलावर ठेवून ते उठले. आई मग घेऊन लिफ्टने खाली धावली, तोवर टॅक्सी निघून गेली होती.

डिसेंबरात तिकडून ते वारल्याचा फोन आला. जानेवारीतल्या त्या दिवशी चहाला बाकीचे कप धुवायचे होते, म्हणून मी वरच्या फळीवरचा तो मग काढायला गेले.

"तो नको गं," आई म्हणाली. "काकांचा आहे. वेगळा ठेवलाय."

मग मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. आई खाली बसली. पदर नव्हता, ओढणीनेच तिने डोळे पुसले. बाबांनी गाडीची किल्ली घेतली.

कॅफेटेरियासमोर पोचल्यावर बाबांनी सवयीने हॉर्न वाजवला. आतला माणूस लगबगीने बाहेर आला. बाबांनी इंजिन बंद केलं. "नहीं भाई," ते म्हणाले, "अंदर आते हैं."

टेबल चौघांचं होतं. आम्ही तिघं बसलो, ग्लासांत चहा आला. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने चौथ्या खुर्चीला हात लावून विचारलं, "कोई है यहाँ?"

आई म्हणाली, "है."