किती दिवस राहणार?

"तात्या आले न्हाईत आज."

रुक्मिणकाकूंचा फोन आला तेव्हा मी बीडला छापखान्याबाहेर चहा घेत उभा होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. मी म्हटलं, उशीर झाला असेल. "सहा महिन्यांत झालाय का उशीर?" त्या म्हणाल्या. "खुर्ची रिकामी हाय." मी घरी फोन लावला. हणमंततात्या रात्री झोपले ते उठलेच नव्हते... आज या गोष्टीला पाच आठवडे झाले. गावात त्यांच्याबद्दल चांगलं बोलायची आता चढाओढ लागली आहे. सहा महिने त्यांच्याशी न बोलणारेच त्यात पुढे आहेत, म्हणून मला हे लिहावं लागतंय.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. गाव त्यांना फौजी म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी युसूफ वडगावच्या बाजारात मी पत्रकं वाटत होतो. दूरच्या एका देशात हुकूमशहा स्वतःचीच माणसं मारत होता, आणि मी ठणकावून लिहिलं होतं की बाहेरच्या फौजांनी आत घुसून तिथं लोकशाही आणलीच पाहिजे, गप्प बसणारे सगळे त्या खुन्याचे साथीदार. तात्यांनी मेथीची पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्या पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं लिवतोस बे. किती दिवस राहणार ती फौज?"

"म्हणजे?"

"घुसणार ते लिवलंस. निघणार कवा, ते कावून न्हाई लिवलं?"

मी चिडलो. निजामाच्या राज्यातून आपण सुटलो ते फौज आली म्हणूनच ना, असं सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "फौजेचं काम पाच दिवसांत झालं. तिच्याआधी हितली माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात जात होती. मागून कारभारबी त्यांनीच हाकला. फौज कुणाला कारभार शिकवत न्हाई लेका. आन त्या पाच दिवसांच्या मागून मुसलमान आळीत कुणाकुणाची दारं कायमची बंद झाली, ते तुझ्या आजीला विचारायला पायजे होतं." आजी तोवर गेली होती. रिटायर माणूस, रक्त थंड झालंय, असं मी मित्रांना सांगितलं आणि आम्ही हसलो. हसलो, हे लपवत नाही.

आमच्या गावात पंचायतीचं मतदान कधी होतच नव्हतं. मारुतीच्या पारावर मोठ्या घरची चार माणसं बसायची, नावं ठरायची, नारळ फुटायचा, सगळे बिनविरोध. अर्धं गाव तेव्हा उसाच्या फडावर असायचं. आणि वर 'एकोप्याचं गाव' म्हणून सत्कार. मला त्याची किळस यायची, अजूनही येते. गेल्या निवडणुकीत मी मजुरांच्या वस्तीतून रुक्मिणकाकूंना अर्ज भरायला लावला. काकू आणि त्यांचे मालक दोघं दर साली कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारे. "मागून काय झालं तर?" त्यांनी विचारलं. "मी आहे ना," मी म्हणालो. धमक्या आल्यावर तालुक्याला निवेदनं दिली, धरणं धरलं आणि बंदोबस्त मिळवला. मतदानाच्या दिवशी बंदूकवाल्या पोलिसांची गाडी शाळेपुढं उभी राहिली तेव्हा माझी छाती फुगली होती. तात्या मतदान करून बाहेर आले आणि सरळ फौजदारांपुढं गेले.

"साहेब, किती दिवस हाय मुक्काम?"

"पेट्या निघाल्या की आम्ही निघालो."

तात्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं.

काकू निवडून आल्या. मी बीडला येऊन 'लोकशाहीचा विजय' असं पत्रक लिहीत बसलो, आणि तिकडं गिरणीवाल्यानं काकूंचं दळण परत पाठवलं. मुकादमानं त्यांच्या नवरा-बायकोच्या जोडीचं नाव ऊसतोडीच्या टोळीतून काढलं. पत्र्यावर दगड पडले. मग पारावरच्या चौघांचा एकजण काकूंचा राजीनामा लिहूनच घेऊन आला, फक्त सही बाकी. त्याच दिवशी तात्यांनी आपली लोखंडी घडीची खुर्ची, जिची नवार त्यांनी स्वतः विणली होती, ती खांद्यावर टाकून वस्तीवर नेली आणि काकूंच्या दारात मांडली. सकाळी आठला यायचे, दिवस मावळला की जायचे. भांडण नाही, भाषण नाही. राजीनामावाला परत आला तेव्हा म्हणाले, "बस की. च्या घे. लई उन्हाचा आलास." तो बसला नाही.

मी महिन्यातून एकदा जायचो. अशाच एका दुपारी मी विचारलं, "असं किती दिवस बसणार?" तेव्हा त्यांनी पहिल्यांदा श्रीलंकेचं सांगितलं. तरुणपणी ते तिथं भारतानं पाठवलेल्या शांतिसेनेत होते. निवडणूक होती आणि एका शाळेवर त्यांचा पहारा होता. जंगलातल्या बंदूकवाल्यांची धमकी होती, म्हणून सकाळपासून कुणी मतदानाला येईना. शाळेचा म्हातारा मास्तर रोज पाणी द्यायचा, म्हणून तात्यांनी त्यालाच खुणेनं म्हटलं, चला. मास्तरनं आधी बोटं मोजून दाखवली... एक, दोन, तीन... तुम्ही किती दिवस? "म्या हे असे दोन्ही हात पसरले. लई दिवस. म्हातारा हसला आन गेला आत. त्याच्या मागं धा-बारा माणसं आली. मला वाटलं, आणली बे आपण लोकशाही." पुढं पलटण दुसरीकडं हलली. काही आठवड्यांनी कळलं की त्या बंदूकवाल्यांनी मास्तरला वर्गातून ओढून नेलं होतं.

"चांगल्या मनानं गेलतो रे," तात्या म्हणाले. "पर मला निघायचं होतं. त्याला तितंच राहायचं होतं." मग म्हणाले, "ही खुर्ची त्याच्या दारात मांडायला पायजे होती."

आज मी वस्तीवर गेलो. काकूंनी पिठाच्या डब्यामागून तो राजीनामा काढून दाखवला. तात्या गेल्यापासून तो माणूस तीनदा येऊन गेला, उद्या परत येणार आहे. सही अजून केलेली नाही. नवरा म्हणतो, कर आणि मोकळी हो. मी म्हणालो, सही करू नका, आपण वर तक्रार करू, मोर्चा काढू. त्यांनी ऐकून घेतलं. मग घडी केलेली ती खुर्ची आतून आणली, पदरानं पुसली आणि दारात उघडून ठेवली.

"तू किती दिवस हायेस?"

माझ्या खांद्यावर पिशवी तशीच होती. खोटं बोलवेना. "चारची गाडी आहे," मी म्हणालो.

"मंग चारपर्यंत बस."

मी बसलो. नवार मधोमध खोल गेली आहे, तात्यांच्या बेतानं. समोर रस्ता दिसतो, रस्त्यावरून जाणाऱ्याला आपण दिसतो. चारची गाडी फाट्यावर हॉर्न देऊन गेली. मी उठलो नाही. सहाला अजून एक गाडी असते, हे काकूंनाही माहीत आहे.